रिक्षाचा प्रवास कागदावर: अंतर-काल आलेख कसा वाचायचा

ठाणे स्टेशनहून माजिवड्याला निघालेली रिक्षा घेऊ. हिशेब सोपा जावा म्हणून आकडे सोयीचे धरले आहेत. तीन हात नाक्यापर्यंत १.८ किमी, ९ मिनिटं. सिग्नलला ३ मिनिटं थांबा. पुढे ३ किमी, ६ मिनिटं.

आधी अक्ष बघा. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर अंतर. मग प्रमाण: आडवं १ सेमी = २ मिनिटं, उभं १ सेमी = ०.५ किमी. बहुतेक चुका इथेच होतात. रेषेकडे नजर आधी जाते, प्रमाणाकडे नंतर.

आता बिंदू मांडा: (०, ०), (९, १.८), (१२, १.८), (१८, ४.८). पट्टीने जोडले की तीन तुकडे दिसतील: तिरका, आडवा, जास्त तिरका. हा रस्त्याचा नकाशा नव्हे. वर चढणारी रेषा म्हणजे उड्डाणपूल नाही, आणि आडवी रेषा म्हणजे सपाट रस्ताही नाही. आडव्या तुकड्यात काळ सरतोय, अंतर तेवढंच आहे, म्हणजे रिक्षा उभी आहे.

चाल काढायची ती रेषेच्या चढावरून. एका तुकड्याची दोन टोकं घ्या, अंतरांतला फरक काळांतल्या फरकाने भागा. पहिला तुकडा: १.८ ÷ ९ = मिनिटाला ०.२ किमी. ६० ने गुणलं की ताशी १२ किमी. शेवटचा: ३ ÷ ६ = ०.५, म्हणजे ताशी ३० किमी. कोनमापक लावून कोन मोजायच्या फंदात पडू नका. प्रमाण बदललं की तीच रिक्षा कागदावर उभी चढते किंवा आडवी पडते, चाल मात्र तीच राहते.

सरासरी चाल काढताना अनेक जण १२ आणि ३० ची बेरीज करून अर्ध करतात. उत्तर येतं २१. ते चूक, कारण दोन्ही चालींना सारखा वेळ मिळालेला नाही आणि सिग्नलची ३ मिनिटं तर धरलीच नाहीत. आलेखाचा पहिला आणि शेवटचा बिंदू घ्या: ४.८ किमी, १८ मिनिटं, म्हणजे ताशी १६ किमी.

खरी रिक्षा अर्थात अशी कोपऱ्यात मोडत नाही. सुटताना चाल हळूहळू वाढते, तेव्हा रेषा वरच्या बाजूला वळत जाते. ब्रेक लागताना ती आडवी होत जाते. लोकलचा दोन स्टेशनांमधला आलेख अगदी असाच, ताणलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखा.

फोनच्या जीपीएसवरून आलेख काढलात तर दोन गोष्टी खटकतील. रिक्षा थांबलेली असतानाही रेषा किंचित सरकते, कारण फोनला स्वतःची जागा काही मीटर इकडेतिकडे वाटत राहते. आणि सिग्नल तुटून परत आला की रेषा एकदम जवळपास उभी उडी मारते. पूर्ण उभी रेषा म्हणजे एकाच क्षणी अनेक ठिकाणी असणं. अशी दिसली की दोष नोंदीचा.

रेषा खाली उतरली तर? कापलेलं अंतर कधी कमी होत नाही. तलावपाळीला एक फेरी मारून निघालात तिथेच परत आलात, तरी कापलेल्या अंतराची रेषा चढतच जाते. ती उतरत असेल, तर उभ्या अक्षावर ‘निघाल्या जागेपासूनचं अंतर’ आहे आणि तुम्ही परत फिरला आहात. म्हणून अक्षाचं नाव नीट वाचा.

आता त्याच कागदावर एक बाइक काढा: सहाव्या मिनिटाला स्टेशनहून निघाली, त्याच रस्त्याने, न थांबता ताशी ३० किमी. तिची रेषा (६, ०) पासून (१५.६, ४.८) पर्यंत सरळ जाईल आणि रिक्षाच्या आडव्या तुकड्याला ९.६ मिनिटांवर छेदेल. छेदबिंदू म्हणजे दोघं एकाच वेळी एकाच जागी: सिग्नलला. (बाइकला तो हिरवा मिळाला, असं समजू!) पुढे दोन्ही रेषा समांतर, कारण चाल सारखी. त्यांच्यातलं आडवं अंतर १.२ सेमी भरेल, म्हणजे २.४ मिनिटं, माजिवड्याला बाइक तेवढीच आधी पोहोचते. उभं अंतर २.४ सेमी भरेल: बाइक रिक्षाच्या १.२ किमी पुढे आहे.