कुत्र्याचा विमा काढण्याआधी: नाशिककरांसाठी तयारीची यादी

द्राक्षांचा हंगाम आला की नाशिकमध्ये घरोघरी पेट्या येतात आणि त्या हमखास जमिनीवर ठेवल्या जातात. लॅब्रेडॉरच्या तोंडाला नेमकी तीच उंची सोयीची. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर हे कुत्र्यागणिक बदलतं. त्यामुळे ‘दोनच तर खाल्ली’ म्हणून गप्प बसायचं नाही. आधी उलट्या, मग मरगळ, एक-दोन दिवसांत रक्तातलं क्रिएटिनिन वर, म्हणजे किडनी बिघडल्याची खूण. पुढे सलाईन, पुन्हा पुन्हा रक्ततपासणी, सोनोग्राफी, आणि प्रत्येकाचं वेगळं बिल. कांदा-लसूणही तितकेच वाईट, त्याने तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे जिल्ह्याची दोन्ही नावाजलेली पिकं कुत्र्याच्या मुळावर! शिवाय गोचीड ताप आहे, संक्रांतीचा मांजा आहे, आणि अधूनमधून वस्तीत शिरणारा बिबट्याही.

विमा घ्यायचा तर कुत्रा धडधाकट असतानाच. आधीपासूनचा आजार बहुतेक पॉलिसींत बसत नाही, आणि पॉलिसी सुरू झाल्यावरही आजारांसाठी काही दिवस थांबावं लागतं. पिल्लू दोन-तीन महिन्यांचं झालं की चौकशीला लागा. वय वाढलं की नवी पॉलिसी मिळणं अवघड होत जातं, मोठ्या जातींच्या बाबतीत तर जरा लवकरच.

पहिलं काम फाइलचं, आणि माझ्या मते निम्मा विमा तिथेच असतो. लसीकरणाच्या कार्डावर प्रत्येक लशीचं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. शिबिरात फुकट टोचलेली रेबीजची लस कार्डावर चढलेली नसेल तर कंपनीच्या लेखी ती टोचलेलीच नाही. पार्व्हो (जुलाब-उलट्यांचा जीवघेणा विषाणू) किंवा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) यांची लस चुकली आणि नेमका तोच आजार झाला, तर क्लेम नाकारला जाण्याचीच शक्यता जास्त. डॉक्टरांकडून कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवून घ्या. तिचा 15 अंकी क्रमांक प्रत्येक कागदावर आला पाहिजे, नाहीतर बिल तुमच्याच कुत्र्याचं कशावरून, असा प्रश्न येतो. दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो आणि महापालिकेचा परवाना त्याच फाइलमध्ये. एकदा रक्त तपासून तब्येतीचा दाखलाही घ्या. जुनं दुखणं असेल तर ते अर्जात लिहा. लपवलं तर पुढचे क्लेमही अडकतात.

आता पॉलिसी वाचायची. एजंटाचं माहितीपत्रक वाचून काम भागत नाही, अटींचा पूर्ण कागद मागा. ऑपरेशन आणि दवाखान्यात दाखल होण्याचा खर्च मिळतो का, ओपीडी धरली आहे का, कुत्रा कोणाला चावला तर त्याच्या भरपाईचं काय, हे बघा. नेहमीच्या लसी, ग्रूमिंग, बाळंतपण सहसा बाहेरच असतं. जातीतून येणारे सांध्यांचे आजारही बरेचदा. विषबाधेबद्दल मात्र ई-मेलवर लेखी विचाराच. द्राक्षं खाणं हा अपघात की आजार, हे आधी कळलेलं बरं.

मग आकडेमोड. समजा बिल 40,000 रुपये झालं, त्या उपचाराची कमाल मर्यादा 30,000, आणि त्यातला 20 टक्के वाटा तुमचा. हातात येणार 24,000, खिशातून जाणार 16,000. हप्त्याची तुलना या 24,000 शी करायची, पॉलिसीवर मोठ्या अक्षरांत छापलेल्या रकमेशी नव्हे.

कुत्रा म्हातारा आणि आधीच औषधांवर असेल तर विम्यामागे धावू नका. बँकेत दरमहा आरडी (आवर्ती ठेव) टाकलेली बरी. गावठी कुत्र्याचा विमा सगळ्याच कंपन्या काढतात असं नाही, तेव्हा आधीच विचारा. मांजरांसाठी पर्याय आणखी कमी.

विमा असला तरी बिल बहुधा आधी तुम्हालाच भरायचं असतं, पैसे नंतर परत मिळतात. तेवढी रक्कम हाताशी ठेवा, आणि रात्री कुठला दवाखाना उघडा असतो हे आजच फोन करून विचारा. प्रकरण हाताबाहेर गेलं तर थेट मुंबईला, परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलपर्यंत जावं लागतं. त्या गाडीभाड्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. कंपनीला कळवण्याची मुदत तासांत असू शकते, म्हणून कंपनीचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या. औषधाची चिठ्ठी, तपासणीचा रिपोर्ट, पक्कं बिल आणि डिस्चार्जचा कागद दवाखान्यातून निघतानाच घ्या. आठवड्याने मागायला गेलात की कंपाउंडर बदललेला असतो.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडेच तक्रार करा, मग विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. नाशिकसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, आणि तिथे तक्रारीला फी लागत नाही.