जुन्या कार्बोरेटर गाडीला पेट्रोल कमी पडत असेल तर

गाडी सुरू होते, पण चढावर किंवा वेग वाढवताना दम तोडते? कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) खोलण्याची घाई नको. दोष बहुधा टाकीपासून तिथपर्यंतच्या वाटेत असतो.

काम उघड्या हवेत, इंजिन थंड असताना करा. अग्निशामक हाताशी हवाच.

आधी टाकीचं झाकण. हे मात्र चालवताना तपासायचं: गाडी बंद पडताच ते उघडा; हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी पुन्हा नीट चालली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय.

तसं नसेल तर कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा. इग्निशन कॉइलची पुरवठ्याची वायर काढा, म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि १० सेकंद स्टार्टर फिरवा. यांत्रिक पंप चांगला असेल तर पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात येतं. बुडबुडे दिसले तर टाकी ते पंप या भागात हवा शिरतेय: तडकलेली रबरी नळी, सैल क्लिप. नुसती धार बारीक असेल तर आधी फिल्टर बदला. त्यावरचा बाण कार्बोरेटरच्या दिशेने हवा.

डिपस्टिकला (इंजिन ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पेट्रोलचा वास येतोय? पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये जात असू शकतं. इंजिन चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. कारण दूर करून ऑइलही बदला.

पुरवठा ठीक असेल तरच कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या पितळी तोट्या) काढा. ते क्लीनर आणि दाबाच्या हवेने साफ करा, तारेने कधीच नाही. पितळ मऊ असतं, छिद्राचं माप बिघडतं.