सुरीच्या पात्याचा ढाळ (धारेकडे उतरत जाणारा भाग) दोन्ही बाजूंनी सारखा हवा तर जिग बनवा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून अँगलचा तुकडा, एक बिजागरी, एक लांब बोल्ट आणला की जिग (घासताना पातं ठरलेल्या कोनात धरणारी पकड) होते, वेल्डिंग जमत नसेल तर ड्रिल करून नट-बोल्टने जोडा, चालतं.

आधी कोन काढा. पातं ४ मिमी जाड, ढाळ २५ मिमी उंच, आणि धारेला ०.६ मिमी ठेवायचं (हार्डनिंगच्या, म्हणजे पातं तापवून कडक करण्याच्या आधी एवढं राहू द्याच, नाहीतर तापवताना धार वाकते) तर एका बाजूचा कोन साधारण ४ अंश येतो. बोल्ट फिरवून तो सेट करा.

मग धारेवर मार्कर फासून ड्रिल बिटच्या टोकाने दोन रेघा ओढा, मधे ०.६ मिमी सोडून. पातं घट्ट क्लॅम्प करा, बेल्ट ग्राइंडरला ६० ग्रिटचा (जाड दाण्याचा) बेल्ट लावा आणि बेल्ट चालू असतानाच टेकवा, हात न थांबवता सरळ ओढा. जिथे थांबलात तिथे खड्डा पडलाच समजा! एकच बाजू संपवू नका, चार-पाच पास झाले की पलटा, दर वेळी पाण्यात बुडवा. मास्क लावाच.

आणि आपल्याकडच्या पावसात घासलेलं पातं रात्रभर उघडं ठेवू नका, खोबरेल चोळा, सकाळी तांबूस झालेलं बघून जीव तुटतो.