गिट आणि सबव्हर्जन, दोन्हींवरून एकच बिल्ड

रत्नागिरीत आम्ही हापूसच्या पेट्यांची लेबलं छापणारं सॉफ्टवेअर सांभाळतो. कोड गिटमध्ये आहे, लेबलांचे आराखडे मात्र अजून सबव्हर्जनमध्येच. फायलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणं हेच दोन्हींचं काम. एका मोसमात जुन्या आराखड्याची लेबलं बाहेर पडली आणि ती कुठल्या बिल्डमधून (कोड आणि आराखडे मिळून बांधलेल्या आवृत्तीतून) आली हे शोधण्यात दोन दिवस गेले. ऐन मे महिन्यातले दोन दिवस! तेव्हापासून माझा एकच आग्रह आहे: प्रत्येक बिल्डवर दोन्हीकडच्या बदलांचे क्रमांक हवेतच. त्यासाठी सगळं गिटमध्ये हलवायची घाई करू नका. बिल्ड आपोआप बांधणारा जेन्किन्स दोन्ही सांभाळतो.

आधी जेन्किन्समध्ये गिट आणि सबव्हर्जनचे प्लगिन घाला. पासवर्ड त्याच्या क्रेडेन्शियल्समध्ये ठेवा, स्क्रिप्टमध्ये कधीही नको. मग पाइपलाइन जॉब (पायरीपायरीने चालणारं काम) करा. त्याच्या पायऱ्यांची जेन्किन्सफाइल गिटमध्ये राहू द्या आणि तिच्यात चेकआउटच्या, म्हणजे फायली उतरवून घ्यायच्या, दोन पायऱ्या लिहा. प्रत्येकीला स्वतंत्र फोल्डर द्या, नाहीतर एकाच्या फायली दुसऱ्याच्या पायात येतात.

आता बिल्ड सुरू कधी व्हावं? गिटहबचा वेबहुक (बदल झाल्याचा आपोआप येणारा निरोप) ऑफिसातल्या राउटरमागच्या सर्व्हरपर्यंत सहसा पोचत नाही, म्हणून छोट्या ऑफिसात मला पोलिंगच, म्हणजे जेन्किन्सने ठरावीक वेळाने स्वतः विचारणं, बरं वाटतं. वेळापत्रकात मिनिटांच्या जागी 'एच/१०' लिहिलं की दर १० मिनिटांनी दोन्हीकडे नवा बदल आहे का ते पाहिलं जातं. 'एच'मुळे सगळे जॉब एकाच मिनिटाला धावत नाहीत. आपल्याकडे पावसात नेट गेलं, तरी ते आल्यावर पुढच्या पोलला बदल सापडतोच. सबव्हर्जनचा सर्व्हर ऑफिसातच असेल तर पोस्ट-कमिट हुक (बदल नोंदला की आपोआप चालणारी स्क्रिप्ट) लावून लगेच कळवता येतं.

खरी अडचण पुढे आहे. दोन रिपॉझिटरींत (फायलींच्या साठ्यांत) मिळून एक कमिट (बदलाची नोंद) करता येत नाही. कोड पुश झाला, आराखडा अजून जायचाय, आणि तेवढ्यात बिल्ड सुटलं तर अर्धवट माल तयार होतो. जॉबचा क्वाएट पिरियड (बिल्ड सुरू करण्याआधी थांबायचा वेळ) मूळचा ५ सेकंदांचा असतो. तो १२० करा. म्हणजे पाठोपाठचे दोन्ही बदल बहुतेक वेळा एकाच बिल्डमध्ये येतात.

मग शिक्का. गिटच्या फोल्डरात 'गिट रेव्ह-पार्स हेड' चालवून कमिटचा ४० अक्षरी हॅश (त्याची ओळखखूण) घ्या. सबव्हर्जनचा नुसता रिव्हिजन क्रमांक घेऊ नका. तो अख्ख्या रिपॉझिटरीचा असतो, शेजारच्या फोल्डरात कुणी एक काना सुधारला तरी वाढतो. 'एसव्हीएन इन्फो'मधला 'लास्ट चेंज्ड रेव्ह' घ्या, कारण तो तुमच्या फोल्डरापुरता असतो. दोन्ही क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ती बिल्डसोबत बांधा आणि बिल्डच्या वर्णनातही टाका.

शेवटी पडताळा घ्या. महिनाभरापूर्वीचं एक बिल्ड निवडा, त्याच्या दोन क्रमांकांवरून सगळं कोऱ्या फोल्डरात उतरवून पुन्हा बांधा, आणि जुन्या-नव्या दोन्ही बिल्डमधून एकच लेबल छापून शेजारी ठेवा. फरक दिसला तर बहुधा एखादी फाइल अजून कुणाच्या तरी मशीनवरूनच येतेय. ती शोधा आणि रिपॉझिटरीत घाला.