आइसलँडमध्ये गाडी चालवणार असाल तर
गाडी उजवीकडनं चालवायची हे माहीत असतं सगळ्यांना, पण गडबड होते ती पेट्रोल भरून रिकाम्या रस्त्यावर परत वळताना, तेव्हा शेजारच्याला ओरडायचं काम देऊन ठेवा. लिमिट डांबरी रस्त्याला ९०, खडीवर ८०, गावात ५०, आणि हेडलाइट भर दिवसाही चालूच. राउंडअबाऊटमध्ये आतल्या लेनवाल्याला आधी बाहेर जाऊ द्यायचं, हे जरा विचित्रच आहे. वारा मात्र सिरियसली घ्या, दार दोन्ही हातांनी धरून उघडा नाहीतर उलटं फिरून बिजागरी वाकते आणि बऱ्याचदा इन्शुरन्स त्याचे पैसे देत नाही. एफ नंबरच्या रस्त्यांवर, म्हणजे आतल्या डोंगराळ भागातल्या कच्च्या रस्त्यांवर, फोर बाय फोर नसेल तर जायचंच नाही. फोटोसाठी मधेच थांबू नका. इमर्जन्सीला ११२.