तोडलेल्या रानात आधी खुंट मोजा

संगमेश्वर तालुक्यात आमची अडीच एकर वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन आहे. आजोबांच्या वेळी तिथे नाचणी-वरी व्हायची, मग पडीक पडून रान माजलं आणि 2011 साली चुलत्यांनी ते उभंच्या उभं लाकूडवाल्याला विकलं. आठवड्यात डोंगर भादरला. मी तेव्हा डोंबिवलीत. पुढच्या पावसाळ्यात हौसेने दोनशे रोपं लावली, ती मे महिन्यात वणव्यात गेली. पाऊस पडल्यावर बघतो तर त्याच काळ्या जमिनीत किंजळीच्या खुंटांना आठ-आठ, दहा-दहा फुटवे!

तेव्हापासून तोडलेलं रान परत कसं आणायचं असं कुणी विचारलं तर सांगतो, पहिलं वर्ष काही लावू नका. चुना घ्या आणि खुंटांवर खुणा करत फिरा. माझ्याकडे ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा, अंजनी मिळून तीनशेच्या वर भरले. काजू लावायचा म्हणून लोक जेसीबीने हे खुंट उपटतात. खालची मुळं जुनी, खोल गेलेली. नव्या रोपाला तेवढी करायला किती पावसाळे लागतील? शिवाय आपल्याकडचा तीन हजार मिलिमीटर पाऊस उकरलेली माती थेट वहाळात नेतो.

दुसऱ्या थंडीत खुंटामागे दोन-तीन जोमदार फुटवे ठेवा, बाकीचे कोयतीने तिरके छाटा. ठेवायचे ते जमिनीलगतचे. खुंटाच्या माथ्यावरचे पुढे वाऱ्याने फाटतात.

खरी मेहनत विस्तवाची. गवत दिवाळीनंतर वाळायला लागतं. डिसेंबर संपायच्या आत हद्दीने दहा फूट रुंद पट्टा मातीपर्यंत साफ करायचा. फेब्रुवारीत तो पुन्हा झाडायचा, कारण तोवर पानगळ होऊन त्यावर पाचोळा साचलेला असतो. तरी आग येते ती बहुतेक शेजारच्या भाजावळीतून, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात त्यातून. आमच्या खालच्या अंगाला तात्यांचा दाढीचा, म्हणजे भाताची रोपं करायचा वाफा आहे. ते त्यावर रचलेला पालापाचोळ्याचा राब पेटवतात त्या दिवशी मी रजा टाकून गावी जातो, दोन हंडे पाणी आणि आग झोडपायला हिरवे टाळ (पानांच्या फांद्या) घेऊन बांधावर बसतो. चहा त्यांच्याकडेच होतो. इतका स्वस्त विमा दुसरा नाही.

गुरांसाठी सगळीकडून दगडांचा गडगा घालणं मला परवडलं नाही, फक्त पायवाटेच्या बाजूने घातला. उरलेल्या बाजूंचं गवत वाडीतल्यांना फुकट कापून न्या म्हटलं. ढोरं आत येईनाशी झाली आणि जळायला गवतही उरलं नाही.

रानमोडी हे झुडपी तण. ती जुलै-ऑगस्टमध्ये, माती ओली असताना मुळासकट उपटा. नोव्हेंबरनंतर ती फुलली की बी वाऱ्यावर गेलंच, आणि वाळलेल्या काड्या वणव्याला आयत्या. सगळी निघणार नाही, निघायची गरजही नाही. वर सावली धरली की ती आपोआप विरळ होते. चांदाडा, कुडा, धायटी मात्र कचरा समजून तोडू नका, सावली तेच आधी धरतात. उक्षीचे वेल फुटव्यांवर चढले असतील तेवढेच सोडवा.

एखादं वठलेलं झाड उभं असेल तर राहू द्या. त्यावर बुलबुल, साळुंक्या बसतात आणि खाली बिया टाकतात. आमच्या एकट्या वठलेल्या सावरीखाली उंबर आणि जांभळाची रोपं दाटीने आली.

मियावाकी (दाटीने रोपं लावून झटपट जंगल करायची जपानी पद्धत) करायचं का, असं मुंबईची मंडळी विचारतात. जिथे खुंटही नाहीत आणि जवळ रानही नाही तिथे करा. इथे तो खर्च कशाला? मी लावलं ते पाच वर्षांनी, आणि तेही जे आपणहून येईना तेच. रानजायफळाचं बी मोठं, ते धनेशासारख्या मोठ्या पक्ष्याशिवाय लांब जात नाही. देवराईत पडलेलं बी गावकऱ्यांना विचारून उचललं आणि चार दिवसांत सावलीत पुरलं. ठेवून दिलं तर फुकट जातं.

मागच्या थंडीत तात्या विचारत होते, "राबाला तुझ्याकडची कवळ तोडू काय रे?" कवळ म्हणजे राबासाठी तोडतात त्या पानांसकट फांद्या. म्हटलं, बांधालगतची तोडा, आणि शेंडे राखा.