ब्रिटनमध्ये गाडी हातात घेण्याआधी

ब्रिटनला निघालेल्या माणसाला गाडीबद्दल सल्ला द्यायला नात्यात कोणीतरी असतंच. आत्येभाऊ पंधरा वर्षं लेस्टरला आहे, त्याला सगळं ठाऊक आहे, असं म्हणून आपण निर्धास्त होतो. त्याने तिथे परीक्षा दिली तेव्हा तो सांगतो ते बरोबरही होतं. पण २०२२ पासून तिथले नियम, दंड आणि टोल इतके बदललेत की मुरलेले लोकही फसतात. आत्येभावाला शाळा कुठली चांगली आणि मेथीची जुडी कुठे मिळते ते जरूर विचारा, रस्त्याचं मात्र स्वतः नव्याने वाचा.

बॅगा भरण्याआधी आपलं लायसन्स काढून त्यावरची तारीख बघा. भारतीय लायसन्सवर तिथे राहायला गेल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, पण त्या काळात ते चालू असलं पाहिजे. मुदत संपायला वर्षाच्या आत वेळ उरला असेल तर आरटीओतून नूतनीकरण करूनच विमानात बसा, कारण परदेशातून ते काम म्हणजे डोक्याला ताप. पासपोर्टवरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव जुळतंय का तेही बघा, आणि मूळ कार्ड सोबत घ्या, डिजिलॉकरवर विसंबू नका. हे १२ महिने एकदाच मिळतात. मध्ये दिवाळीला पुण्याला जाऊन आलात म्हणून ते पुन्हा सुरू होत नाहीत. आणि काही देशांच्या लोकांना त्यांचं लायसन्स थेट बदलून मिळतं, त्या यादीत भारत नाही. म्हणजे परीक्षा अटळ.

म्हणून पोहोचल्या पोहोचल्या प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्ससाठी अर्ज करा. ऑनलाइन ३४ पौंड, टपालाने ४३. दहाव्या महिन्यापर्यंत थांबाल तर अडकाल, कारण अनेक केंद्रांवर प्रत्यक्ष परीक्षेची तारीख महिनोनमहिने मिळत नाही. त्याआधी थिअरीची परीक्षा पास व्हावी लागते. ५० प्रश्नांपैकी ४३ बरोबर हवेत, शिवाय व्हिडिओ बघून धोका वेळेत ओळखण्याच्या भागात ७५ पैकी ४४ गुण. २०२५च्या एप्रिलपासून आणखी एक बदल झाला आहे. ठरलेली प्रत्यक्ष परीक्षा रद्द करायची किंवा पुढे ढकलायची तर पूर्ण १० कामाचे दिवस आधी कळवावं लागतं, पूर्वी ३ पुरत. उशीर झाला तर फीचे ६२ पौंड गेले. १२ महिने उलटले आणि परीक्षा झालेली नसली तर तुम्ही कायद्याने शिकाऊ. गाडीला लाल एल लावायचा आणि शेजारी किमान २१ वर्षांचा, ३ वर्षं पक्कं लायसन्स असलेला माणूस बसवायचा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर वीस वर्षं घाटात गाडी चढवली असली तरी.

आता रस्ता. तिथेही डावीकडूनच चालतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी वाटतं, जमतंय की! आणि इथेच घात होतो. २९ जानेवारी २०२२ पासून हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या सरकारी पुस्तकात, जबाबदारीची उतरंड आली. ज्याच्या हातात जास्त इजा करणारं वाहन, त्याच्यावर जास्त जबाबदारी. यातला वळणाचा नियम नीट मनात बसवा. तुम्ही मोठ्या रस्त्यावरून डावीकडच्या गल्लीत वळताय, गल्लीच्या तोंडाशी फुटपाथवर एक बाई बाबागाडी घेऊन उभी आहे. तिने अजून पाऊल खाली टाकलेलं नाही. पूर्वी ती रस्त्यावर उतरलेली असेल तरच तिला आधी जाऊ द्यायचं असे. आता ती नुसती ओलांडायला उभी असेल तरीही तुम्ही थांबायचं. मागचा वैतागला तर वैतागू दे. हा नियम मोडला म्हणून लगेच दंड येईलच असं नाही, पण अपघात झाला तर कोर्टात हायवे कोडच पुढे ठेवतात. सायकलवाला शांत रस्त्यावर लेनच्या मधोमध चालत असेल तर तो माज नाही, त्याला तशीच शिफारस आहे. ३० मैलांपर्यंतच्या वेगात त्याला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवा. गाडी उभी केल्यावर दार उघडायचं ते दारापासून लांबच्या हाताने, म्हणजे चालकाने डाव्या. अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा सायकलस्वार दिसतो. ही सवय निघण्याआधी आठवडाभर इथेच लावून घ्या.

डिपरचीही सवय मोडावी लागेल. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला की अर्थ सरळ: मी येतोय, तू थांब. तिकडे बहुतेक लोक तोच डिपर ‘या, आधी तुम्ही’ म्हणून मारतात. हायवे कोड म्हणतो, डिपर फक्त आपण इथे आहोत एवढं कळवायला, त्याला निमंत्रण समजू नका. म्हणजे डिपर दिसला तर घाबरू नका आणि घुसूही नका. हॉर्नबद्दल एवढंच की वस्तीत रात्री ११.३० ते सकाळी ७ तो वाजवायचा नाही.

मोबाइलसाठी डॅशबोर्डवर स्टँड घ्या, आणि तो गाडी घेण्याआधीच घ्या. २५ मार्च २०२२ पर्यंत कायद्यात फट होती. फोन हातात होता पण मी बोलत नव्हतो, शूटिंग करत होतो, असं म्हणून लोक सुटत. ती फट बुजवली. आता हातात धरून गाणं बदललं, फोटो काढला, नुसतं स्क्रीन चाळलं तरी गुन्हाच, सिग्नलला उभे असतानाही. दंड २०० पौंड आणि लायसन्सवर ६ पेनल्टी पॉइंट. तिथली परीक्षा पास झाल्यापासून २ वर्षांच्या आत ६ पॉइंट जमले की लायसन्स रद्द, पुन्हा प्रोव्हिजनलपासून श्रीगणेशा. त्या हिशोबात भारतातला अनुभव धरत नाहीत, तुम्ही नवशिकेच.

वेगमर्यादा मैलांत असतात हे सगळ्यांना माहीत असतं. रस्त्यावर पथदिवे आहेत पण आकड्याची पाटी नाही, तर इंग्लंडमध्ये मर्यादा ३० मैल. तोच रस्ता वेल्समध्ये असेल तर १७ सप्टेंबर २०२३ पासून २०. त्याविरुद्ध साडेचार लाखांहून जास्त सह्यांचा अर्ज तिथल्या विधिमंडळात गेला, काही रस्ते परत ३० वर आलेही, पण पाटी नसेल तिथे २० धरूनच चाला. स्कॉटलंडला जाणार असाल तर दारूची मर्यादा तिथे कमी आहे: १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, इंग्लंड-वेल्समध्ये ८०. एडिंबरामध्ये जानेवारी २०२४ पासून फुटपाथवर चाक चढवून गाडी लावली तर १०० पौंड. उत्तर आयर्लंडचा कारभार निराळा, तिथे जाणाऱ्याने वेगळं वाचावं.

पैशांची तयारी लंडनसाठी हवी. शहराच्या गाभ्यात शिरायचं शुल्क जानेवारी २०२६ पासून १८ पौंड झालं, इलेक्ट्रिक गाडीलाही आता ते पूर्ण माफ नाही. धूर जास्त सोडणाऱ्या जुन्या गाडीला दिवसाला १२.५० पौंड वेगळे, आणि ऑगस्ट २०२३ पासून हे लंडनच्या सगळ्या बरोंना, म्हणजे पालिका विभागांना, लागू आहे. थेम्सखालच्या सिल्व्हरटाउन आणि ब्लॅकवॉल बोगद्यांना एप्रिल २०२५ पासून टोल, लंडनबाहेर डार्टफर्डला थेम्स ओलांडायला सप्टेंबर २०२५ पासून साडेतीन पौंड. यातल्या कुठेही नाका नाही, बूथ नाही, फास्टॅगची बीप नाही. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, पैसे तुम्ही आठवणीने ऑनलाइन भरायचे. डार्टफर्डचे दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत. गाडी घेतली की त्याच संध्याकाळी नंबर ऑटो पेला, म्हणजे लंडनची शुल्कं आपोआप भरणाऱ्या खात्याला, जोडा; डार्टफर्डचं खातं वेगळं. भाड्याची गाडी असेल तर हे पैसे कोण भरणार ते किल्ली घेतानाच विचारा, नाहीतर दंडावर कंपनीचं स्वतःचं शुल्क चढतं.

सेकंडहँड गाडी बघायला जाण्याआधी तिचा नंबर सरकारी साइटवर टाका. दरवर्षीच्या एमओटीत, म्हणजे आपल्या भाषेत पासिंगमध्ये, काय काय दोष निघाले ते फुकटात दिसतं. रोड टॅक्स जुन्या मालकाकडून नव्याकडे येत नाही, त्यामुळे विमा आणि टॅक्स दोन्ही झाल्याशिवाय गाडी जागची हलवू नका. इलेक्ट्रिक गाडी टॅक्समुक्त हा सल्लाही शिळा झाला, एप्रिल २०२५ पासून तिलाही टॅक्स आहे. मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्याला चाइल्ड सीट लागते. इथून येणाऱ्या आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा की नातवाला मांडीवर घेऊन मागे बसता येणार नाही. आणि मागचा पट्टा त्यांनीही लावायचा.

विद्यार्थ्यांसाठी एकच ओळ: स्वतःची ई-स्कूटर विकत मिळते, पण सार्वजनिक रस्त्यावर किंवा फुटपाथवर चालवणं बेकायदा आहे.

शेवटचं काम पत्त्याचं. तिथे हवालदार शिट्टी मारून बाजूला घेईल आणि जागेवर पावती फाडेल अशी वाट बघू नका. वेग जास्त झाला तर १४ दिवसांत नोंदणीच्या पत्त्यावर नोटीस येते. गाडी कोण चालवत होतं हे २८ दिवसांत कळवायचं, नाही कळवलं तर त्याचेच ६ पॉइंट. नवीन माणूस पहिल्या वर्षात दोनदा तरी भाड्याचं घर बदलतो आणि नोटीस जुन्या घरी पडून राहते. तेव्हा घर बदललं की ब्रॉडबँडवाल्याच्या आधी डीव्हीएलएला, म्हणजे लायसन्स आणि गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, कळवा. लायसन्सचा पत्ता वेगळा बदलायचा, लॉगबुकचा, म्हणजे आपल्या आरसी बुकचा, वेगळा. दोन्ही ऑनलाइन होतात, पैसे लागत नाहीत.